सरोजक्कांचा आरसा

पहिल्याच दिवशी सरोजक्कांनी माझ्यासमोर एक अख्खी, नवी कोरी निळी बशी हातोडीनं फोडली. बशीला कुठे चरा गेलेला नव्हता. मी दारातच उभी होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. अक्कांनी तुकडे गोळा केले, त्यातला एक दोन बोटांत धरून उजेडाकडे केला आणि म्हणाल्या, "आता कामाची झाली. ये, बस."

बाई जरा फिरलेली दिसते, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो टॅक्सी चालवतो, रोज नाना तऱ्हेची माणसं बघतो. म्हणाला, फिरलेली असली तरी चालेल, बस स्टँडजवळ आहे ना? जवळच होतं. बंगळुरूत शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे, गाद्यांच्या दुकानाला लागून एक लांबट खोली होती. तिथं अक्का फुटक्या फरश्या, काचा, दगडाच्या चिपा यांतून भिंतीवरची चित्रं करायच्या. हॉटेलांत मोर, दवाखान्यात कमळं, लग्नाच्या हॉलवर गणपती.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यात हे लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. निपाणीकडच्या आमच्या गावात मराठी शाळा होती, चौथीनंतर तंबाखूच्या वखारीत. तोंडानं मला फारसं बोलता येत नाही, म्हणून हे असं.

अक्कांच्या घरचे लोक तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, असं त्या सांगायच्या. सांगताना परवाच बसमधून उतरल्यासारखं सांगायच्या. त्यांच्या मराठीत अर्धी कन्नड मिसळलेली. सुरुवातीला मला हसू यायचं, त्यांना माझ्या बोलण्याचं यायचं. ठेंगणी, काळीसावळी बाई. नऊवारी नाही, साधी गोल साडी, वर पुरुषाचा खाकी शर्ट. डाव्या गालावर मिऱ्याएवढा तीळ. कमरेला कापडाची पिशवी, त्यात अडकित्ता, सुपारी, खडूचा तुकडा आणि लाल प्लास्टिकच्या चौकटीचा गोल आरसा. तळहातात मावेल एवढाच. बाजारात रस्त्यावर मिळतो तसला.

आरशाचं मला नवल वाटायचं, कारण अक्का त्यात स्वतःचं तोंड कधी बघत नसत. कुंकू अंदाजानं लावायच्या, ते बहुतेक वेळा एका बाजूला गेलेलं असायचं. आरसा कामासाठी होता. त्यासाठी आमचं काम कसं चालायचं ते सांगावं लागेल.

चित्र आधी मोठ्या खाकी कागदावर काढायचं. त्यावर गव्हाच्या पिठाच्या खळीनं तुकडे पालथे चिकटवायचे, चांगली बाजू खाली. मग कागदाचे चौकोन कापायचे, नंबर घालायचे, आणि भिंतीवर ओल्या सिमेंटात दाबायचे. सिमेंटानं धरलं की वरचा कागद भिजवून सोलायचा. तेव्हा चित्राचं तोंड पहिल्यांदा दिसतं. आणि कागदावर जे डावीकडे ते भिंतीवर उजवीकडे जातं. म्हणून कागदावर चित्र मुद्दाम उलटं काढायचं. अक्का गिऱ्हाइकाचं चित्र खिडकीच्या काचेला लावून मागच्या बाजूनं गिरवून घ्यायच्या, आणि मग ते आरशात बघायच्या. आरशात जे दिसेल ते भिंतीवर येणार.

काम भिंतीवर गेलं तरी ते संपलं असं त्या म्हणत नसत. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून त्या भिंतीवरून तीनदा जायच्या. आमचं गिऱ्हाईक बसमधे असतंय, म्हणायच्या. पैसे देणारा काय, तो गाडीतनं खाली मान घालून फोन बघत जातो. एकदा एका मोराचा डोळा बसमधून दिसेना म्हणून पुन्हा परांची बांधायला लावून तो काढला आणि मोठा बसवला. हॉटेलवाल्याला कळलंसुद्धा नाही.

मग महादेवपुऱ्याचं काम आलं.

तिथं काचेची एक मोठी ऑफिसची इमारत होत होती. रस्त्याकडच्या तीन मजली कोऱ्या भिंतीवर आपल्या राज्याची, कर्नाटकाची, जमीन करायची होती: एका कडेला समुद्र, मग घाट, मग माळ, आणि घाटातून निघून उगवतीकडे जाणाऱ्या नद्या. गावांची नावं नाहीत, अक्षर एकही नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसातून मृणाल मॅडम आल्या होत्या. पुण्याच्या, तिशीच्या, कोरमंगलात भाड्यानं राहणाऱ्या. त्यांना इथं मराठी बोलणारी बाई भेटल्याचा इतका आनंद झाला की त्या तासभर बसल्या आणि आमच्या डब्यातली भाकरी खाऊन गेल्या.

एवढं मोठं काम अक्कांनी कधी केलं नव्हतं. गुडघे गेले होते. हे झालं की खोली बंद, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्ही तिघी होतो. मी, फरीदा आणि होस्पेटकडची यल्लव्वा.

काम सुरू करण्याआधी अक्कांनी आम्हाला समोर बसवलं आणि आपापल्या नदीचा रंग विचारला. यल्लव्वानं तुंगभद्रेचा सांगितला. फरीदा शिवाजीनगरातच जन्मलेली, ती म्हणाली, आमची नदी म्हणजे नळ, तोही दिवसाआड. माझी पाळी आली. आमच्या गावाला दूधगंगा आहे. मी खाली बघून सांगितलं की भाद्रपदात ती कमी दुधाच्या चहासारखी असते, आणि माघात शेवाळी, तळ दिसतो. मग मला थांबताच येईना. म्हशी कुठे उतरतात, वाळू कुठे लागते, बायका धुणं कुठल्या दगडावर आपटतात, सगळं सांगितलं. फरीदा माझ्याकडे बघतच राहिली. इतकं सलग बोलताना तिनं मला ऐकलं नव्हतं.

अक्कांनी चहा मागवला. तो बशीत ओतला, शेजारी दगडाच्या चिपा मांडल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही?" मी मान हलवली. दूध जास्त होतं. दुसरा चहा आला, स्वल्प हालु, थोडं दूध, घाल म्हणून चहावाल्याला दटावून. तिसऱ्या चहाला रंग जमला. तेव्हापासून माझं नाव गेलं. मी दूधगंगा झाले, यल्लव्वा तुंगा, आणि फरीदा नळ.

जेवताना मी कशी कोण जाणे धीर करून विचारलं, अक्का, तुम्ही कुठली नदी पाहिलीय? त्यांनी घास खाली ठेवला.

"मी? एकपण नाही," त्या म्हणाल्या. "इथं कुठं आहे नदी? तळी बघितलीत. समुद्र सिनेमात बघितला."

पासष्ट वर्षांची बाई, अख्ख्या राज्याच्या नद्या भिंतीवर वाहवायला निघालेली, आणि वाहतं पाणी पाहिलेलं नाही. पुढे कळलं की शाळेतही त्या एक दिवस गेल्या नव्हत्या. नकाशा म्हणजे त्यांना एक सुंदर पान वाटायचं, शिरा असलेलं. त्यातल्या रेषांचा ओघ त्यांना बोटांनी कळायचा. कुठली बाजू कुठली, हे त्या कधी शिकल्याच नव्हत्या.

मी शिकले होते. आमच्या वर्गाच्या भिंतीवर नकाशा रंगवलेला होता, डावीकडे निळा पट्टा. गुरुजी छडी घेऊन समुद्र कुठे म्हणून विचारायचे. मला यायचं. पण मी उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघायची, आणि गुरुजी म्हणायचे, खाली बस.

मृणाल मॅडमच्या ऑफिसातून मोठा कागद आला. अक्कांनी नेहमीसारखा काचेला लावून तो मागून गिरवला. खाकी कागद जमिनीवर पसरला आणि मी पाहिलं, समुद्र डावीकडे, घाट, मग माळ. अगदी आमच्या शाळेच्या भिंतीसारखं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी घरी गुणगुणत भाकरी थापल्या. आपलं काम उलटं चालतं, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. मोर उलटा काय, सुलटा काय, मोरच असतो. वर्षभरात कधी तो प्रश्न पडला नव्हता.

दूधगंगा अक्कांनी मलाच दिली. हातभर लांबीची बारीक नदी, कृष्णेला मिळेपर्यंत. घाटापासून मी ती लावत आले. तुकडा तुकड्याला इतका चिकटून बसवायचा की मध्ये नख जाऊ नये, अशी अक्कांची शिस्त. माझी नदी बघून त्या एकदा म्हणाल्या, हिच्या हातात पाणी आहे. कुणी माझ्याबद्दल असं बोललेलं मला आठवत नाही.

वीतभर राहिली असेल तेव्हा अक्का फरश्या आणायला बाजारात गेल्या आणि आरसा कागदावरच विसरल्या. माझी नदी भिंतीवर कशी दिसेल म्हणून मी तो उचलला आणि कागदावर धरला.

समुद्र उजवीकडे होता. माझी नदी मावळतीकडे चालली होती.

मी आरसा फिरवून पाहिला, पुसून पाहिला. पुन्हा पुन्हा बघितलं, तेच. मग आरसा होता तिथं ठेवला आणि उरलेली वीत लावायला घेतली.

त्या दिवसापासून मी अक्कांना सांगायचं ठरवत होते. रोज बसमध्ये वाक्य जुळवायची, खोलीच्या दारात ते मोडायचं. चाळीस वर्षं हे काम केलेली बाई. शिकलेल्या लोकांच्या ऑफिसातून आलेला कागद. त्यात मी कोण चौथी पास? माझंच काही चुकत असेल. एकदा जेवताना अगदी त्यांच्याजवळ सरकून बसले. त्या म्हणाल्या, "काय गं दूधगंगे, मीठ पाहिजे?" मी म्हटलं, हो. मीठ घेतलं आणि खारट भाजी खाल्ली.

कागद कापले गेले, भिंतीवर चढले. परांचीवर हिरवी जाळी होती. इतक्या जवळून काही दिसत नाही. एक चौकोन निळा, एक तपकिरी. माझी नदी असलेला कागद अक्कांनी स्वतः सोलला. शेवटच्या वीतभर जागेवर त्यांनी ओलं फडकं फिरवलं, बोट फिरवलं, जरा थांबल्या, आणि पुढच्या चौकोनाकडे गेल्या. बंगळुरूच्या जागी त्यांनी त्या निळ्या बशीचा एक तुकडा बसवला. इथं नदी नाही तर निदान बशी तरी असू दे, म्हणाल्या.

जाळी उतरली त्या दिवशी सकाळी आम्ही चौघी आणि मृणाल मॅडम रस्त्याच्या पलीकडे बस स्टॉपवर उभ्या होतो. ऊन भिंतीवर आलं होतं. काय सांगू, इतकी देखणी जमीन मी पाहिली नाही. घाट ओले वाटत होते. यल्लव्वानं हात जोडले. मी मृणाल मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. ते हळूहळू पांढरं पडलं.

"अक्का, हे फ्लिप झालंय," त्या म्हणाल्या. "शीट मी मिरर करूनच पाठवली होती, तुम्हाला सोपं जावं म्हणून. कोपऱ्यात लिहिलं होतं तसं."

म्हणजे त्यांनी उलटा करून पाठवलेला कागद अक्कांनी मागून गिरवून पुन्हा सुलटा केला होता. तो कागद पुढे खोलीत सापडला. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं होती. त्यांच्यावर खळीच्या डब्याचा गोल डाग होता. डबा आम्ही रोज तिथंच ठेवत होतो. आणि नसता ठेवला, तरी ती अक्षरं आमच्यातल्या कुणाला वाचता आली असती?

अक्कांना आधी कळेना. मृणाल मॅडमनी फोनवर नकाशा काढून दाखवला. अक्का फोनकडे बघत, भिंतीकडे बघत, पुन्हा फोनकडे. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आरसा काढला, भिंतीकडे पाठ केली आणि आरसा डोळ्यासमोर धरला. दोन बस आल्या आणि गेल्या.

"फोडायचं," त्या म्हणाल्या. "मी परत करते. सरी? चालेल?"

मग त्यांनी आम्हा तिघींकडे एकेक करून पाहिलं. माझ्यावर नजर जरा जास्त थांबली. विचारलं काहीच नाही.

मला वाटलं होतं, इमारतीचे मालक ओरडतील, पोलिसांत देतील. झालं भलतंच. मालक आले, त्यांचे पाहुणे आले, भिंतीपुढे उभं राहून फोटो काढले. रोज शेकडो शिकलेली माणसं गळ्यात पट्टे अडकवून त्या भिंतीखालून आत जात होती. एकानंही विचारलं नाही की समुद्र इकडे कसा. मृणाल मॅडमनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की राहू द्या, छान दिसतंय, फोडायला वेळ नाही. आणि भिंतीखाली एक पितळी पाटी लागली. अक्कांनी मृणाल मॅडमना ती वाचून दाखवायला लावली. त्यांनी मान खाली घालून वाचली. कलाकारानं आपली भूमी मुद्दाम उलटी केली आहे, आपण तिच्याकडे नव्या नजरेनं पाहावं म्हणून, असं काहीसं.

"मी असं कधी बोलले गं?" अक्कांनी विचारलं. मृणाल मॅडम रडायलाच लागल्या. अक्कांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

उद्घाटनाला अक्कांना म्हैसुरी पेटा घातला, शाल दिली, माइकपुढे उभं केलं. खुर्च्या भरलेल्या. अक्कांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग मराठीत सांगितलं. "तप्पागिदे. गलत है. चुकलंय ते. माझं चुकलंय. मुद्दाम नाही केलं. समुद्र तिकडं पाहिजे." आणि हातानं बाजू दाखवली.

लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. माझ्यापुढची एक बाई शेजारणीला म्हणाली, किती नम्र आहेत. अक्का टाळ्या थांबायची वाट बघत होत्या, पुढचं सांगायला. टाळ्या थांबल्या तोवर माइक दुसऱ्याच्या हातात होता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पेटा मांडीवर ठेवला होता. खिडकीतून भिंत दिसली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. अक्कांनी स्वतःचं काम बसमधून न बघितलेलं मी हे एकदाच पाहिलं.

खोली बंद झाली. मला एका शाळेत खिचडी करायचं काम मिळालं. तीन-चार महिन्यांनी फरीदा बाजारात भेटली. म्हणाली, अक्का दर रविवारी महादेवपुऱ्याला जातात. बस स्टॉपवर उभ्या राहतात. लोक हसतात, काही फोटो काढतात. तू जा गं एकदा, माझं ऐकत नाहीत.

मी गेले. बसमधूनच दिसल्या. खाकी शर्ट, भिंतीकडे पाठ, हातात आरसा. एका बाईच्या डोळ्यासमोर तो धरून सांगत होत्या, "नोडम्मा, असं बघ. आता बरोबर. समुद्र इकडं. भिंतीवरचं खरं मानू नको." त्या बाईनं आरशात बघितलं, भिंतीकडे वळून बघितलं, आणि तिची बस आली. अक्का दुसऱ्याकडे वळल्या. तो हात हलवून बाजूला झाला. अक्कांचा घसा बसलेला होता.

मी खाली उतरले ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. बसमध्ये जुळवलेलं वाक्य या वेळी मोडलं नाही.

"अक्का, मला ठावं होतं. कागदावर असतानाच. तुमचा आरसा धरून बघितला होता. मी बोलले नाही."

त्यांनी मान हलवली.

"मला पण ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक होतं, ते."

मी स्टॉपच्या लोखंडी बाकावर बसले. त्या शेजारी बसल्या, गुडघे दाबत.

"तुझी नदी मी सोलली ना. सगळी चांगली. शेवटच्या वितीत सांधे मोठे. नख जाईल एवढे. तुझा हात असा कधी नव्हता. वाटलं, घरची आठवण आली असेल, नाहीतर ताप असेल. विचारलं नाही. जाळी पडली, मृणाल बोलली, तेव्हा कळलं, पोरीचा हात कशाला भ्याला होता." मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं हात वाचते मी. तो वाचला, आणि विचारलं नाही. तुझं एक गप्प, माझं एक गप्प."

इतके महिने त्यांनी ते मनात ठेवलं होतं. आम्ही तिघी समोर उभ्या असताना, मालकांपुढे, माइकपुढे, "माझं चुकलंय" म्हणताना.

समोर एक बाई आपल्या मुलीला घेऊन येऊन उभी राहिली. मुलगी शाळेच्या वयाची. अक्कांनी बोलायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. खोकल्या. मग आरसा माझ्या हातात दिला आणि हनुवटीनं त्या मुलीकडे खूण केली.

मी उठले. मुलीला भिंतीकडे पाठ करायला सांगितलं. आरसा तिच्यासमोर धरला आणि मीही वाकून तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. "समुद्र डावीकडे असतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ही बारीक नदी दिसते का, चहासारखी? ही आमची."

पुढच्या रविवारी अक्का आल्या नाहीत. अर्धांगाचा झटका आला, पुतण्यानं त्यांना म्हैसूरला नेलं, आणि पुढचं मला फरीदाकडून कळलं. आरसा माझ्याकडेच राहिला. तो मी खळीच्या वाटीशेजारी ठेवते, मुलीच्या वह्यांना कव्हरं घालताना.

पण अक्का मला दिसतात त्या त्या रविवारच्याच. त्या मुलीसमोर धरलेल्या एवढ्याशा आरशात सगळी जमीन सरळ झाली होती. घाट जागच्या जागी, नद्या उगवतीकडे. आणि आरशाच्या कडेला बाकावरून मान उंच करून बघणाऱ्या अक्कांचं तोंडही आलं होतं. त्यांचा तीळ तेवढा दुसऱ्या गालावर गेला होता.